तिसरी ओळ

मार्चमध्ये अमेरिकेतल्या त्या शहरात कुणी त्यांचा तो हाताने फेकायचा फुटबॉल खेळत नाही. मैदानावर मळकट बर्फ पडलेला असतो आणि तळ्यावरून येणारा वारा कानशिलं सोलून काढतो. पण रॉस्कोच्या सलूनला विचाराल, तर खरा हंगाम मार्चचाच. हिवाळ्यात संघ हरतो ते संघाचं हरणं. मार्चमधली भांडणं मात्र आपली स्वतःची.

रॉस्कोच्या लांबलचक आरशाच्या वरच्या अंगाला कागदी चिकटपट्ट्यांची रांग होती. त्रेपन्न खेळाडू, त्रेपन्न पट्ट्या. प्रत्येकीवर खेळाडूचं नाव, आणि त्याच्यापायी संघाच्या कॅपमधली किती लाख डॉलरची जागा अडते तो आकडा. कॅप म्हणजे लीगने सगळ्या संघांना घालून दिलेली पगाराची मर्यादा. अंथरूण सगळ्यांना सारखंच; नवा कुणी आत घ्यायचा, तर जुन्या कुणाला तरी बाहेर ढकलावं लागतं. कुणाला ढकलायचं यावर रॉस्कोकडे दर शनिवारी सकाळी सभा भरे.

आणि सलूनचा एक रिवाज होता. ज्याची पट्टी काढायची, त्याचं मर्तिक करायचं. म्हणजे चर्चमध्ये शवपेटीपुढे उभं राहून पास्टर सांगतो तसं त्या खेळाडूवर चार-पाच ओळींचं प्रवचन सांगायचं, आणि तेही गाऊन. हे काम गेली अकरा वर्षं चर्चच्या कामात पास्टरला हातभार लावणाऱ्या डीकन थॅडियस ग्रीअरकडे होतं, कारण त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाची तोंड उघडायची छाती नव्हती.

थॅड एकोणसत्तर वर्षांचा. पोलादाच्या भट्टीवर एकतीस वर्षं काढलेला, हाडापेराने दणकट, गळ्याने मात्र मऊ. त्याला सगळ्या जगात एकच गोष्ट खरी गोड लागे: रविवारी पास्टरचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात जातं तो क्षण. आधी नुसतं बोलणं. मग बोलण्याला ठेका. मग बाकांवरून "हो, सांगा" असे हुंकार. मग त्या ठेक्यातून वर येणारा सूर. आणि शेवटी हा माणूस बोलतोय की गातोय हे देवालाच ठाऊक, अशी अवस्था. थॅडला तरुणपणी पास्टर व्हायचं होतं. पण त्यांच्यात पास्टर स्वतःहून होता येत नाही, देवाचं बोलावणं यावं लागतं. ते आलं नाही. देवाने बोलावलं नाही, ते रॉस्कोने बोलावलं, असं तो हसत म्हणायचा. हसत म्हणायचा खरा.

त्या शनिवारी लव्हॉन खुर्चीत बसली होती. लव्हॉन शहरबस चालवायची, केस पुरुषांसारखे बारीक ठेवायची, आणि लीगचे नियम तिला पाठ होते.

"एक कोटी वीस लाख," ती म्हणाली. "चेंडू घेऊन पळणाऱ्या त्या नव्या पोराला आणायचं तर एवढी जागा लागते. आपल्याकडे आहे ऐंशीची. बोला आता."

"मालकाला सांग, खिशात हात घाल म्हणावं," रॉस्को कात्री चालवता चालवता म्हणाला.

"मालकाच्या खिशात रग्गड आहेत. घालायची मुभा नाही. कॅप ती कॅप."

"मग तो लाथ मारणारा काढा. वर्षभर नुसत्या लाथा मारतो. माझी बायको फुकट मारते."

"त्याचे वीसच लाख. तुझ्या बायकोला घेतलं तरी भागत नाही."

दाराशी पाळीची वाट बघत बसलेल्या एका तरुण गिऱ्हाइकाने मोबाईलमधून मान वर केली. "पिटमनचे नव्वद लाख आहेत," तो म्हणाला.

कॉर्डेल पिटमन हा संघाचा डावा गार्ड. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि अंगावर येणारे धक्के झेलायचे, हे त्याचं काम. अशा माणसाचं नाव कुणी घेत नाही. तो चुकला तरच घेतात. वय बत्तीस, एका गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया. आणि तो याच गल्लीतला. त्याचा बाप एझल पिटमन थॅडच्या शेजारी भट्टीवर उभा राहिलेला, रविवारी चर्चच्या बाकावर त्याच्याच शेजारी बसणारा. एझल सलूनमध्ये असला की त्या पट्टीकडे कुणी बघतसुद्धा नसे. पण आज एझल डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता.

"नव्वदचा आकडा फसवा आहे," लव्हॉन म्हणाली. "काढला तर चाळीसच सुटतात. बाकीचे पन्नास त्याला आधीच देऊन झालेत. माणूस गेला तरी ते कॅपवर बसून राहतात. मेलेला पैसा म्हणतात त्याला. आणि आणखी एक सांगते, गेल्या उन्हाळ्यात त्याने आपण होऊन पगार उतरवून घेतला, दुसऱ्या गार्डला ठेवता यावं म्हणून. हे रेडिओवाले सांगत नाहीत."

"ऐंशी आणि चाळीस किती झाले?" दाराशी बसलेल्याने विचारलं.

बेरीज सगळ्यांनाच येत होती.

"डीकन, तुम्ही काय म्हणता?" कुणीतरी म्हणालं.

थॅडने दाराकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे. सात-आठ चेहरे त्याच्याकडे वळलेले. असे चेहरे वळले की त्याला राहवत नसे, दारुड्याला बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज यावा तसं व्हायचं. या कॉर्डेलला त्याने खांद्यावर बसवून मैदानात नेलं होतं. तरी तो उठला, आरशापाशी गेला आणि पट्टी सोलून तळहातावर घेतली.

"बंधूंनो," तो म्हणाला, "आणि बस वेळेवर न आणणाऱ्या भगिनींनो."

हशा झाला. रॉस्कोने कात्री खाली ठेवली. थॅड आधी साधं बोलला: हा भिंत होता, पण भिंतीलाही ओल लागते. मग बोलण्याला ठेका आला, लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली, आणि सूर आपल्या पायांनी चालत आला:

*खाली बस, बाबा, खाली बस,*
*दमलास आता, खाली बस.*
*पगार मोठा, गुडघा खोटा,*

तिसऱ्या ओळीवर सलून अक्षरशः आडवं झालं. रॉस्को खुर्चीच्या पाठीला धरून हसत होता. लव्हॉन नको नको म्हणत हसत होती. आणि त्याच ओळीवर थॅडला अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी भरावी तसं झालं. चाल कुठली आहे हे त्याला कळलं.

सहा वर्षांपूर्वी एझलची बायको वर्लीन गेली होती. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या फरशा पुसलेली बाई. मर्तिकाच्या दिवशी पास्टरचा आवाज मध्येच फुटला आणि त्याने हाताने थॅडला खूण केली. थॅड उठला, पेटीपुढे गेला, काय बोलायचं काही ठरलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आलं: *खाली ठेव, बाई, खाली ठेव, दमलीस आता, खाली ठेव.* बादली मोठी होती, वाट लांब होती, दार उघडं आहे, दिवा लागला आहे. कुणी लिहून घेतलं नाही. मर्तिकात मोबाईल बाहेर काढायचा नाही असा चर्चचा दंडक, त्यामुळे ते कुणाकडे राहिलंही नाही. उभ्या आयुष्यात आपल्याला कुणीतरी बोलावलंय असं थॅडला वाटलं ते त्याच एका दिवशी. पुढे वर्लीनच्या पहिल्या स्मृतिदिनाला एझलने चाचरत विचारलं होतं, ते पुन्हा म्हणशील का. थॅड म्हणाला होता, "ते परत येत नाही रे. ते त्या दिवसाचं होतं." आणि ते त्याला खरंच वाटलं होतं.

आता ते परत आलं होतं. रॉस्कोच्या सलूनमध्ये, शेव्हिंग क्रीमच्या वासात.

थांबायला हवं होतं. खोकला काढायचा, पाणी मागायचं, काहीही. पण लोक हसत होते. थॅडने डोळे मिटले आणि चौथी ओळ घेतली. मग पाचवी.

सोमवारी सकाळी बर्निस, त्याची बायको, स्वयंपाकघरात अंडी करत होती. रेडिओवर खेळाच्या गप्पा चालल्या होत्या. दाराशी बसलेल्या त्या पोराने सगळं मोबाईलवर टिपलं होतं. ते गावभर झालं होतं, आणि आता रेडिओवाल्याने लावलं. "आपल्याच शहरातल्या एका सलूनमधून," तो हसू दाबत म्हणाला. बर्निस पहिली ओळ ऐकून हसली. दुसरीला तिचा हात थांबला. तिसरीला तिने गॅस बंद केला.

"थॅडियस," ती म्हणाली, "ही चाल वर्लीनची आहे."

"चाल कुणाच्या बापाची नसते," थॅड म्हणाला. "आली आपोआप. मला काय कळतंय त्या क्षणी."

"कळलं नाही तुला?"

"नाही कळलं."

बर्निसने त्याच्याकडे बघितलं, तव्यातली अंडी बशीत घातली, बशी त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः न खाता बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. अंडी अर्धी कच्ची होती. त्याने ती सगळी खाल्ली.

बुधवारी संघाने कॉर्डेल पिटमनला सोडल्याचं जाहीर केलं. त्याच दुपारी पळणाऱ्या पोराने सही केली.

आता हे काही थॅडने गायलं म्हणून झालं नाही, एवढं त्यालाही समजत होतं. संघाचे हिशेबनीस काही रॉस्कोच्या आरशात बघून ठरवत नाहीत. पण दिवसभर लोक त्याला रस्त्यात थांबवून सांगत होते, डीकन, तुमचं प्रवचन फळाला आलं. दुकानात, पेट्रोलपंपावर. एकाने तर खांद्यावर थाप मारून "खाली बस, बाबा" म्हटलं, तेही बरोब्बर चालीत. त्या माणसाच्या तोंडात ती चाल ऐकणं म्हणजे वर्लीनचा कोट परक्याच्या अंगावर बघण्यासारखं होतं. आणि तो कोट विकला कुणी?

लव्हॉनचा फोन आला. "डीकन, मी रेडिओवर फोन करून पगार उतरवून घेतल्याचं सांगितलं. त्यांनी मध्येच कापलं." मग ती म्हणाली, "मी पण हसले होते."

"तू आधी सांगितलं होतंस, लव्हॉन."

"सांगितलं, आणि मग हसले. काय उपयोग सांगून?"

शनिवारी थॅड सलूनमध्ये गेला नाही. रविवारी मात्र चर्च चुकवणं त्याच्याने झालं नसतं, आणि डीकनला चुकवता येतही नाही. त्याला वाटलं होतं, एझल दुसऱ्या बाकावर बसेल. निदान तेवढी शिक्षा तरी मिळेल. पण एझल नेहमीच्या जागी, त्याच्या डाव्या हाताला येऊन बसला. स्तोत्रांचं पुस्तक दोघांत एकच धरलं, नेहमीसारखं. पास्टरचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात गेलं तेव्हा सगळं चर्च उभं राहिलं, आणि थॅड जन्मात पहिल्यांदा बसून राहिला. सूर वर चढत होता आणि तो जमिनीकडे बघत होता. शेजारी एझलचे जुने काळे बूट, चकचकीत पॉलिश केलेले. वर्लीन असताना ते ती करायची.

बाहेर पडताना एझल म्हणाला, "कॉर्डेल घरी आलाय. तुला भेटायचं म्हणतो. चारला ये."

बस्स, एवढंच. आवाजात राग असता तर त्याला धरून तरी उभं राहता आलं असतं.

बर्निसने बरोबर पाउंड केक दिला. "मी येत नाही," ती म्हणाली. "तुला एकट्यालाच जायचंय."

एझलच्या बैठकीत कॉर्डेल सोफ्यावर बसला होता. सोफा तिघांचा, तो एकटा त्यात जेमतेम मावला होता. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. उठायला लागला तसा थॅडने हात केला.

"बस बाबा, खाली बस," थॅड म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे कान तापले.

कॉर्डेल हसला. मोठ्याने, मनापासून. "थॅडकाका, पोरांनी संघाच्या जिममध्ये चार-चार वेळा लावलं ते. मीच सगळ्यात जास्त हसलो. पगार मोठा, गुडघा खोटा. खोटं काय आहे त्यात? डॉक्टरही तेच म्हणतो, फक्त चालीत म्हणत नाही."

थॅडला हसता आलं नाही. एझल खिडकीपाशी उभा होता, पाठमोरा.

"मग त्या रात्री पुन्हा ऐकलं," कॉर्डेल म्हणाला. "शब्द जरा बाजूला सारून. तेव्हा कळलं, हे तर आईचं." त्याने बर्फाची पिशवी सरकवली. "त्या दिवसाचं आमच्याकडे काही नाही ना, काका. मी पुढच्या बाकावर होतो, पण मला काही ऐकू येत नव्हतं त्या वेळी. नंतर सहा वर्षं आठवायचा प्रयत्न केला. सुरुवात आठवायची, पुढचं नाही. आता मोबाईलमध्ये आहे. रोज लावतो. लोक हसतात मध्ये मध्ये, तेवढं सोडायचं."

थॅड केकचा डबा मांडीवर धरून बसला होता. डबा कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाला पोटभर जेवायला वाढावं आणि घास त्याच्या घशाखाली उतरू नये, तशी गत.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," कॉर्डेल म्हणाला. "गाणाऱ्याला चाल कुठून येते ते कुठे कळतं? ती येते. तुम्हाला कळलंसुद्धा नसणार."

समोर दार उघडं ठेवलं होतं. थॅडने नुसती मान हलवायची, बाहेर पडायचं, घरी जाऊन बर्निसला सांगायचं, झालं गेलं मिटलं. बर्निसला जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायचं, नवीन काही लागत नव्हतं. त्याने मान हलवायला सुरुवातही केली.

"कळलं होतं," तो म्हणाला.

कॉर्डेलने वर पाहिलं.

"पहिल्या दोन ओळींना नाही. तिसरीला कळलं. त्या पगाराच्या ओळीला. तुझी आई आहे ही, हे कळलं मला, आणि लोक हसत होते, म्हणून मी पुढच्या दोन ओळी गायलो. थांबता येत होतं. थांबलो नाही." त्याचा आवाज अगदी सपाट झाला होता, त्यात कुठलाच सूर नव्हता. "तू पगार उतरवून घेतलास तेही मला लव्हॉनने आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि मग उठलो. बर्निसला मी खोटं बोललो. तुझ्याशीही बोलणार होतो आत्ता."

रस्त्यावर एक गाडी बर्फाचं पाणी उडवत गेली.

"माहीत आहे," एझल खिडकीतूनच म्हणाला.

थॅडने मान वळवली.

"मी बघितलंय ते मोबाईलवर. तिसऱ्या ओळीनंतर तू डोळे मिटतोस. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसतोय मी. गाताना तू डोळे कधी मिटत नाहीस. लोक हलतात की नाही ते तुला बघायचं असतं." एझल वळला. त्याचे डोळे डॉक्टरने दिलेल्या औषधाने लाल होते की कशाने, सांगता आलं नसतं. "मी तुला ते तिच्या स्मृतिदिनाला मागितलं होतं. फक्त माझ्यासाठी. तू म्हणालास, येत नाही."

"हो."

"त्यांच्यासाठी आलं."

"हो," थॅड म्हणाला.

क्षमा मागायची म्हणजेसुद्धा काहीतरी मागायचंच, आणि या घरात आणखी काही मागायला त्याची जीभ रेटेना. केकचा डबा अजून मांडीवर होता.

"बापू," कॉर्डेल हळू म्हणाला, "मला ते पूर्ण ऐकायचंय. खऱ्या शब्दांनी. म्हणून बोलावलं मी काकांना."

"तू ऐक," एझल म्हणाला. "माझं अजून मन नाही." आणि तो आत स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी घासल्याचा मात्र आला नाही, नुसतं पाणी पडत राहिलं.

थॅडने डबा खाली जमिनीवर ठेवला. गळा साफ केला. तोंड उघडलं आणि आलं ते, "खाली ब". त्याने ओठ घट्ट मिटले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. जीभ आपणहून त्या थट्टेच्या शब्दाकडे वळत होती. आठ दिवसांत सगळ्या गावाने ते शब्द त्या चालीवर इतके थापले होते की खालचे खरे दिसेनासे झाले होते. त्याच्या कपाळावर घाम आला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, आणि आपणच गायलेली दोन वाक्यं त्याला सापडेनात.

"ठेव," कॉर्डेल म्हणाला. "खाली ठेव. एवढं मला आठवतं."

"खाली ठेव," थॅड म्हणाला.

"बाई."

"खाली ठेव, बाई." सूर लागत नव्हता. तो नुसतं बोलत होता, पहिलीतलं पोर बाईंच्या मागून म्हणतं तसं. "खाली ठेव. दमलीस आता." मग कुठेतरी ठेका सापडला, अगदी बारीक, पाय न आपटता. कुणी हुंकार देणारं नव्हतं. कॉर्डेलने मोठाले हात गुडघ्यावर ठेवून मान खाली घातली होती, त्यामुळे थॅडला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि तो बघायचाही नव्हता.

"बादली मोठी," थॅड म्हणाला, आणि तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज फाटला. तिथून त्याला पळून जावंसं वाटलं. तो थांबला, श्वास घेतला, आणि फाटक्याच आवाजात ती ओळ पुन्हा धरली. "बादली मोठी, वाट लांब."

आतला नळ बंद झाला.